मुकुटाखालचे दोन भोवरे

देव साक्षी आहे, आणि गावासाठी पाद्री ॲन्सेल्म आहेत. मी इडोनिया, बाण करणाऱ्या राल्फची विधवा, राहणार हार्नवेल, किल्ल्याच्या दरवाजाखालची गल्ली. अंगाने खचले असले तरी बुद्धीने शाबूत आहे आणि कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, स्वतःच्या मर्जीने हे सांगत आहे. मला लिहिता येत नाही. पाद्री लिहीत आहेत; त्यांनी एकही शब्द गाळू नये.

माझा आत्मा देवाला. देह चर्चच्या आवारात, राल्फच्या डाव्या हाताला ठेवावा. उजव्या कानाने त्याला ऐकू येत नसे.

राहते घर, पितळी हंडा व राल्फची सगळी हत्यारे मुलगा हॅमो याला. हंडा सध्या नणंद मॉडकडे आहे. तिने तो एका लग्नापुरता नेला होता. त्या नवरीला आता नातवंडे आहेत. तो मागून घ्यावा.

आधीच्या राजांना लहानपणी मी दूध पाजले म्हणून दरसाल द्राक्षाच्या दारूचे एक पिंप मला लावून दिले होते. नव्या राजाने ते बंद केले. त्या पिंपांवरचा माझा हक्क मॉडला. तिला पिण्याची आवड आहे आणि तोंडही आहे. तिने राजवाड्यात जाऊन खुशाल भांडावे.

आता राजांविषयी. इथे पाद्रींनी लेखणी थांबवली.

"बाई, मृत्युपत्रात वस्तू लिहायच्या असतात."

"माझ्याकडे दुसरं आहे काय, फादर? लिहा."

राजे आणि हॅमो एकाच हिवाळ्यातले. मी राजवाड्यात पाजायला गेले, तेव्हा माझे पोर मॉडने बकरीच्या दुधावर जगवले. म्हणून हंड्यासाठी तिच्याशी फार ताणू नये.

राजे देखणे लेकरू, पण भारी हट्टी. पाजताना मी नुसते दाराकडे पाहिले तरी दूध सोडून रडायचे. गादीवर बसवले तेव्हा मुकुट कानांवर उतरत होता, एवढेसे होते. मोठे झाले तरी खोड तीच. दरबारात जो टक लावून त्यांच्याकडे पाही त्याला जहागीर, जो नजर वळवी त्याला हद्दपारी. खिरापत वाटून तिजोरी रिती झाली, मग मेंढीमागे कर बसला. शेवटी भर दरबारात जांभई दिली म्हणून एका उमरावाला समुद्रापार घालवला. तो फौज घेऊन परत आला, आणि टक लावून पाहणारे झाडून सगळे त्याला जाऊन मिळाले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिले.

राजे पळून आले ते हार्नवेलला, कारण इथे मी होते आणि किल्ल्याच्या दरवाजावर हॅमो होता. त्यांनीच त्याला चारचौघांत 'दूधभाऊ' म्हणून किल्ली दिली होती. उमरावाने दरवाजाखाली उभे राहून संताच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवला आणि राजांच्या केसालाही धक्का लावणार नाही अशी शपथ घेतली. हॅमोने दार उघडले. पेटी रिकामी निघाली. अस्थींवाचून घेतलेली शपथ बांधत नाही, हे उमरावाला पक्के ठाऊक होते. पेटी उघडून दाखवा असे कोणता श्रद्धाळू माणूस म्हणेल? याबद्दल हॅमोला कोणी बोल लावू नये. मी लावला नाही.

राजांना त्यांच्याच हातांनी मुकुट उतरवायला लावला. ईस्टरच्या आधीच्या उपवासांत ते कोठडीत वारले. त्यांनी आपणहून अन्न सोडले असे सांगितले गेले. मी पाजलेले पोर आपणहून अन्न सोडणारे नव्हते. उमराव गादीवर बसला.

त्यानंतर आवई उठली की चर्चमध्ये ठेवलेले प्रेत राजांसारख्या दिसणाऱ्या कोण्या भिक्षूचे होते, चेहरा तेवढा उघडा होता, आणि राजे उत्तरेत फौज जमवत आहेत. त्या फौजेला शोधायला गेलेल्यांची मुंडकी पुलावर टांगली आहेत. तरी तिकडे जायला हॅमोने घोडा घेतला आहे. रोज माझ्या उशाशी बसून तेच विचारतो, "आई, ते जिवंत असतील ना गं? म्हणजे मी दार उघडलं, त्यानं काही झालं नाही ना?"

हॅमो, ऐक. प्रेताला अंघोळ घालायला बाई हवी म्हणून शिपायांनी मला नेले होते. बाहेर बोललीस तर मुलाला फाशी देऊ, असे बजावले होते. आता तू आपल्या पायांनीच फाशीकडे निघाला आहेस, तेव्हा गप्प राहून काय वाचवू? त्या दिवशी मी प्रेताच्या डोक्यावरचे फडके सोडले. मुकुट साऱ्या मुलखाने पाहिला. त्याखालचे दोन भोवरे फक्त त्या केसांतून फणी फिरवणारीला माहीत. दोन्ही होते. मी त्याला धुतले, हॅमो. फार हलका झाला होता. एकाला धुतले, आता दुसऱ्याला धुवायला मी उरणार नाही.

घोडा विकल्यावरच घर हॅमोच्या नावे व्हावे.

रविवारी चर्चमध्ये मृतांची नावे पुकारतात. राजांचे नाव घेणे गुन्हा आहे, म्हणून माझ्या नावापुढे 'आणि तिचे दूध प्यालेले लेकरू' एवढेच म्हणावे. देवाला कळेल.

वाचून दाखवले, बाईंनी कबूल केले व खूण केली.

इडोनिया ✝

साक्षीदार: वॉल्टर, पाणचक्कीवाला ✝

दुसरा साक्षीदार मुलगा हॅमो. त्याला मजकूर पुन्हा वाचून दाखवावा लागला. त्याने विचारले, "आई, दोन्ही भोवरे?"

"दोन्ही, बाळा."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला रडू आवरेना. वॉल्टर बाहेर गेला.

तारीख राहिली होती. वर्ष लिहायचे ते गादीवरच्या राजाच्या कारकिर्दीचे. या घरात नव्या राजाचे वर्ष आजवर कोणी उच्चारू दिलेले नाही, म्हणून मी, लिहिणाऱ्या पाद्रीने, विचारले, "कोणाचं वर्ष घालू?"

बाईंनी डोळे मिटले होते. हॅमोने येऊन आपली खूण केली.

"नव्याचंच घाला, फादर."

हॅमो ✝

लिहिणार, पाद्री ॲन्सेल्म. मुक्काम हार्नवेल, सेंट मार्टिनच्या सणानंतरचा मंगळवार, नव्या राजाच्या कारकिर्दीचे तिसरे वर्ष.