कोर्तेसाल्मी ए.

लौहिवारा
शनिवार, २९ ऑगस्ट

प्रिय एर्की,

इथे सगळं ठीक आहे, तिथेही ठीकच असेल असं धरून पुढे लिहिते. कारीनला माझी आठवण सांग. पोरी मोठ्या झाल्या असल्या तरी आत्याकडून दोघींचा गालगुच्चा घे, ओरडल्या तर ओरडू देत.

फोन न करता पत्र का, तर फोनवर तू नुसता "हं" करतोस. पत्रात कसं, मला मध्येच "बरं, ठेवू का?" म्हणणारं कुणी नसतं. तेव्हा आता निमूट वाच.

आधी बातम्या. यंदा जंगलात लाल बेऱ्या इतक्या आल्यात की वेचून वेचून माझ्या कमरेचा काटा ढिला झालाय. हिल्क्काच्या मधमाश्यांच्या पेट्या अस्वलाने पाडल्या, तर ती बाई झाडू घेऊन त्याच्या मागे धावली. या वयात! मला त्या अस्वलाचीच कीव आली. बाबा ठणठणीत आहेत. लाकडं फोडतात, वाफेच्या आंघोळीसाठी सौना तापवतात, रुस्का कुत्रीला पायाशी घेऊन रेडिओ ऐकतात. परवा माझ्या कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं आणि वर गंमत केली म्हणाले. गाडी हल्ली मीच चालवते. त्यांना कंटाळा येतो म्हणे.

आणि मोठी बातमी म्हणजे तुझी ताई शिकार मंडळाची अध्यक्ष झाली. हसू नकोस. वसंतातल्या सभेत मी सुपाची भांडी घासायला आत गेले होते, हात पुसत बाहेर आले तर एकमताने निवडून आले होते. "तू नाही म्हणाली नाहीस," असं म्हणाले सगळे. अरे, मी तिथे होते तरी कुठे? पण तुला ठाऊक आहे आपल्याकडची रीत. जो गप्प, त्याचा होकार. सभेत कुणी घसा खाकरला नाही की ठराव मंजूर.

तर या अध्यक्षबाईंच्या डोक्याला पहिलाच ताप झाला मेत्सो पक्ष्याच्या शिकारीच्या परवान्यांचा. जूनमध्ये अवकाळी थंडी पडली, पिल्लं गारठून मेली. ऑगस्टच्या मोजणीत आम्ही तिघं तिघं ओळ धरून जंगल तुडवलं, तेव्हा पक्षी हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच उठले. म्हणून यंदा मंडळाने फक्त सात नर मारायचे ठरवलं. आणि हवे होते जवळजवळ तीस जणांना. एरवी हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायला बोलावलं तर यांच्यातले चार येतात!

गेल्या रविवारी त्यासाठी सभा घेतली. मी एल्कचं सूप केलं होतं, कारण भरल्या पोटी माणसं कमी भांडतात. हा माझा समज सूप संपायच्या आतच खोटा ठरला.

आधी उठला विल्प्पू. तो तसाच आहे, फक्त पोट वाढलंय. चार वर्षं त्याला परवाना लागलेला नाही आणि तो हे दुकानात, पेट्रोल पंपावर, अगदी मयताच्या कॉफीलासुद्धा सांगतो. म्हणाला, "जे मोजणीला आले त्यांनाच द्या. आयतोबांना काही नको." लगेच कुणीतरी म्हणालं, ज्याचं जंगल मोठं त्याला आधी, पक्षी त्याच्या झाडांवर बसतात. त्यावर तिसरा म्हणाला, पक्ष्याला विचारलंस का झाड कुणाचं ते? मग हिल्क्का चमचा आपटून म्हणाली, "ज्याचा नेम सगळ्यात वाईट, त्याला द्या. परवानाही मिळेल आणि पक्षीही वाचतील. विल्प्पू, तुझा पहिला नंबर!" हसून हसून पुरेवाट झाली. विल्प्पूसुद्धा हसला, पण जरा उशिराने.

शेवटी ठरलं ते साधं. गेल्या वर्षी ज्यांना मिळाला ते यंदा बाद, बाकी सगळ्यांच्या चिठ्ठ्या काळ्या केटलीत. आणि चिठ्ठी काढणारा मंडळाबाहेरचा हवा. असा माणूस लौहिवारात आणायचा कुठून? पण नशिबाने फिरत्या वाचनालयाच्या गाडीचा ड्रायव्हर, तोपियास म्हणून दक्षिणेकडचा एक तरुण आहे, तो सुपाच्या वासाने आत आला होता. त्याला बसवला केटलीपाशी. तो बिचारा विचारतो, "मेत्सो म्हणजे तोच ना, टर्कीएवढा काळा रानकोंबडा?" हिल्क्का म्हणाली, "तोच बाळा, तू फक्त हात घाल."

आता इथे मी एक केलंय, ते सांगते. त्या केटलीत तुझीही चिठ्ठी होती.

ओरडू नकोस. आईच्या वाटणीचा तलावामागचा तुकडा तुझ्या नावावर आहे, तो मंडळाच्या शिकारीच्या हद्दीत येतो, म्हणजे तू सभासद आहेस. मे महिन्यात मी सगळ्या सभासदांना कार्ड पाठवलं होतं की ज्याला यंदा मेत्सोचा परवाना नको असेल त्याने कळवावं. तू कळवलं नाहीस. विल्प्पूने त्या दिवशी हरकत घेतलीच: "गोथेनबर्गवाल्याची चिठ्ठी कशाला?"

"नको म्हणाला नाही," मी म्हटलं.

"हो तरी कुठे म्हणाला?"

"या गावात हो कधी कुणी म्हटलंय? तू लग्नाला तरी म्हणाला होतास का?"

त्यावर त्याची बायको एवढ्या जोरात "नाही!" म्हणाली की विषयच संपला.

तोपियास एकेक चिठ्ठी काढून वाचत होता. सहा झाल्या, त्यात विल्प्पू नव्हता. त्याच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता. सातवी काढली. तोपियासने वाचलं, "कोर्तेसाल्मी ए."

मग विल्प्पूने विचारलं, "कोणता ए?"

अरे देवा! आपल्याकडे आडनाव आधी आणि नावाचं एकच अक्षर, असंच लिहायची सवय. मी चिठ्ठ्या लिहिल्या तशाच. बाबांची कोर्तेसाल्मी ए. आणि तुझीही कोर्तेसाल्मी ए. एल्यास आणि एर्की. एकाच पेनाने, एकाच कागदाच्या. मी अध्यक्ष, आणि चिठ्ठी आपल्याच घरची. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तुला वाटेल बाबांनी कशाला नाव दिलं, या वयात. दिलं खरं. मीही काही बोलले नाही. म्हटलं चिठ्ठीच तर आहे, लागते कशाला.

विल्प्पू म्हणाला, "रद्द करा. पुन्हा काढा." दोनचार माना हलल्या. तेवढ्यात बाबा उठले. त्यांनी आधी खुर्चीची पाठ चाचपली, मग टेबलाची कड, आणि मग उभे राहिले.

"चिठ्ठी पोराची आहे," म्हणाले. "माझी नाही. माझं नाव मी मागे घेतो."

"असं कसं, एल्यासकाका?" विल्प्पू म्हणाला. "ती तुमचीही असेल."

"माझी असून काय उपयोग? मला दिसत नाही. गेल्या हिवाळ्यापासून दिसत नाही. पक्षी सोड, तुझं तोंड दिसत नाही मला, विल्प्पू. ते त्यातल्या त्यात बरं आहे."

कुणी हसलं नाही रे. मग बाबा स्वतःच हसले आणि मग सगळे हसले.

एर्की, हेच मी वर लिहिलं नव्हतं. कॉफीतलं मीठ गंमत नव्हती. डॉक्टर म्हणतात आता काही करण्यासारखं नाही, कडेकडेचं थोडं दिसतं तेही जाईल. मला त्यांनी दम दिला होता, कुणाला सांगायचं नाही, तुला तर नाहीच. आणि त्या दिवशी अख्ख्या गावासमोर स्वतःच सांगून मोकळे झाले. दुसरं म्हणजे "पोराची" म्हणाले. इतकी वर्षं ते तुला "तो गोथेनबर्गवाला" म्हणतात हे तुला ठाऊक आहे. मला तिथेच रडू आलं, मी सुपाच्या वाफेवर ढकललं.

पण विल्प्पू खाली बसला नाही. म्हणाला, "मग एका माणसाच्या दोन चिठ्ठ्या झाल्या की! हे कुठल्या न्यायाने?" आणि एर्की, त्याचं बरोबर होतं. ती चिठ्ठी बाबांची असेल तर ती बाद, आणि सातवा परवाना पुन्हा काढायला हवा. तुझी असेल तर तुझी. कुणाची, हे देवालाही ठाऊक नाही. मी अध्यक्ष आहे, मनात कितीही असलं तरी घरचं म्हणून ओढता येत नाही. म्हणून मीच म्हटलं, नाणं उडवू. एक युरोच्या नाण्यावर हंस पडले तर एर्कीची चिठ्ठी, आकडा पडला तर केटलीत पुन्हा हात. बोला कुणी. कुणी बोललं नाही. मंजूर.

तोपियासने नाणं उडवलं. वाचनालयवाल्याला पुस्तकं झेलता येत असतील, नाणं नाही येत. ते टणटण करत गेलं थेट मांसाच्या मोठ्या फ्रीझरखाली.

जवळ होता विल्प्पू. तो धापा टाकत पोटावर आडवा झाला, गाल जमिनीला टेकवला, डोकं फ्रीझरखाली. बाहेर नुसतं त्याचं बूड दिसत होतं. आम्ही सगळे त्याच्या बुडाकडे बघत उभे! "काय पडलंय?" हिल्क्काने विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. बाबा आपले मान कलती करून ऐकत होते, त्या अंधारातून काय येतंय ते.

मग आतून आवाज आला, "हंस."

बाहेर आला तो नाणं मुठीत घेऊनच. तोपियासच्या हातावर ठेवलं आणि जाकिटावरची धूळ झटकत राहिला. एर्की, त्या फ्रीझरखाली दिवसासुद्धा काही दिसत नाही. मी त्याला काही विचारलं नाही. जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आता त्या गाढवाला यायला सांग. परवाना दुसऱ्याला देता येत नाही. तो आला नाही तर एक पक्षी फुकट आणि मी पाचव्या वर्षीही फुकट." मी म्हटलं, सांगते. त्याला मी लाल बेऱ्यांचा एक डबा दिलाय, तो का दिला हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता गाडीतलं. हे लिहिण्यासाठीच एवढं सगळं लिहिलं बहुतेक.

घरी येताना मी बाबांना म्हटलं, "पण तो येईल का?" बाबा म्हणाले, "मागच्या वेळी नव्हता आला."

"कधी मागच्या वेळी?"

मग सांगितलं त्यांनी. तू गेलास त्याच्या पुढच्या शरदात त्यांनी तुला फोन केला होता. "दहा तारखेला मोसम उघडतोय, येतोस ना?" असं विचारलं. तू काही बोलला नाहीस. तुला वाटलं असेल, नाही म्हणायला नको, आपोआप समजेल. तिकडे तसं समजतात ना? पण बाबा लौहिवाराचे. तू गप्प बसलास म्हणजे येणार. आदल्या संध्याकाळी ते कुत्र्याला घेऊन बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. शेवटची बस गेली तरी उभे. मग म्हणे वाटलं, सकाळच्या बसने येईल, म्हणून पहाटे पुन्हा गेले. मी तेव्हा शहरात नोकरीला होते, मला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं? मला नाही वाटत. तुला इतकी वर्षं वाटत आलं की तू देश सोडलास म्हणून त्यांनी तुझं नाव टाकलं. तसं नाही रे वेड्या. ते बसथांब्यावरच्या त्या दोन खेपांसाठी रुसलेत.

कारीनने नाताळच्या कार्डात लिहिलं होतं, तू तुझं शिकारीचं कार्ड दर वर्षी नवं करतोस आणि कुठेच जात नाहीस. ती बिचारी मला विचारत होती, हे काय खूळ आहे.

बंदुकीची काळजी करू नकोस, माझ्या नावावरची आहे, मी सोबत असले की तू ती वापरलेली चालते. रुस्का तयारीची आहे. तिने झाडावर अडवून धरलेला पक्षी तिच्या भुंकण्यावरून बाबा अजूनही मैलभरावरून ओळखतात, नर की मादी, खालच्या फांदीवर की शेंड्यावर. त्यांना फक्त हात धरून चालवणारा माणूस हवा, आणि पुढे नेम धरणारा. पक्षी पडला नाही तरी चालेल, असं ते म्हणत नाहीत. पडलाच पाहिजे म्हणतात!

मी त्यांना विचारलं, एर्कीला तुमच्याकडून काय लिहू? बाबा बराच वेळ रुस्काचे कान कुरवाळत बसले. मग म्हणाले:

"त्याला म्हणावं, डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. 'नाही' म्हणालास तरी मला ऐकू येईल. पण म्हण."

एर्की, दहा तारखेला गुरुवार आहे. बुधवारची शेवटची बस अजून तीच आहे. फोन कर आणि मला नाही, त्यांना सांग. हो तर हो, नाही तर नाही. फक्त "हं" करू नकोस आणि गप्प तर मुळीच राहू नकोस, कारण तू गप्प राहिलास तर हा म्हातारा आंधळ्या डोळ्यांनी पुन्हा थांब्यावर जाऊन उभा राहील, आणि या वेळी त्याला तिथवर हाताला धरून मीच नेलेलं असेल.

वाट बघणारी,
तुझी ताई
साइमी