ऐंशीच्या पुढची थरथर

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

हातांना अजून मुंग्या आल्यासारखं होतंय. येणेगूर मागे पडलं, काटा ऐंशीच्या पुढे गेला आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं. आधी वाटलं रस्ता खराब. पण तिथला रस्ता तर गुळगुळीत! सत्तरवर आणलं — थांबलं. पुन्हा ऐंशी — पुन्हा सुरू. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे टँकर, शेजारी मैथिली. तिला मजाच वाटली. "आऽऽऽ" करून सूर लावून बसली, आवाज कसा हलतो ते ऐकायला. "आई, अजून जोरात ने ना!" सात वर्षांच्या पोरीला काय सांगणार?

कालच तर अप्पांनी पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर आणि खालचे आर्म बदलले. लेकीची गाडी म्हणून आपल्याच गॅरेजात, स्वतःच्या हातांनी. शनिवारपर्यंत गाडी फक्त खड्ड्यात खडखडायची. आता सरळ रस्त्यावर थरथरते. दुरुस्तीनंतर बिघाड, हे काय नवीन!

मंगळवार, ११

सकाळी अप्पांना सांगितलं. "चाकाचं बॅलन्सिंग गेलं आसंल. उमरग्यात करून घे." एवढंच. भाकरीतून मान वर केली नाही.

कॉलेज सुटल्यावर करून घेतलं. दोन्ही चाकांना नवी वजनं ठोकली. मैथिलीला शाळेतून घेतलं, खुशीत निघाले. ऐंशी — जशीच्या तशी! रडूच आलं. साठवर रखडत जळकोटला पोचले. मागून एकेक ट्रकवाला हॉर्न मारून शिव्या देऊन पुढे गेला असणार.

बुधवार, १२

मैथिलीला शाळेत नेलं नाही. "पोरगी का गेली न्हाय?" अप्पा. पोट दुखतंय म्हणून सांगितलं. मैथिली माझ्याकडे बघतच राहिली.

गुरुवार, १३

आजही एकटीच गेले. म्हटलं, बघूच. शंकरप्पा मेकॅनिकची पोरगी आहे मी, सुट्ट्यांमध्ये पान्हे धुतलेत. ऐंशीला क्लच दाबला — थरथर तशीच. म्हणजे इंजिनाचं काही नाही. हलका ब्रेक लावला — वाढली नाही. म्हणजे डिस्कही नाही. सीट शांत, हलतं ते स्टेअरिंग. हे अप्पांनीच शिकवलेलं: "स्टेरिंग हाललं तर पुडं बग, सीट हाललं तर मागं." म्हणजे पुढचं. म्हणजे अप्पांचा हात जिथं लागला तिथलंच. हे लिहितानासुद्धा चहाडी केल्यासारखं वाटतंय.

आणि एक नवीनच — घराकडे वळताना डाव्या चाकाकडून "टक्". एकदाच. मी काय केलं? काच वर केली! ऐकू येऊ नये म्हणून. अकरावी-बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवते मी.

शुक्रवार, १४

मी अप्पांच्या मागेच लागले, तेव्हा कुठे ते गाडी घेऊन निघाले. बसस्टँडपर्यंत आणि परत. चाळीसच्या वर काटा नाही. "लोण्यावानी चाललीय." मी म्हटलं, हायवेला चला अप्पा, ऐंशीवर बघा. तर भडकलेच. "चाळीस वर्सं पान्हा धरलाय म्या! आता तू शिकवनार व्हय मला?" माझ्याशी असं कधी बोलत नाहीत. चहा तसाच ठेवून उठले.

ते गेल्यावर खाली वाकून टॉर्च मारला. प्रत्येक बोल्टवर पिवळा ठिपका. अप्पांची जुनी रीत — बोल्ट पुरता आवळायचा, त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, मगच पुढच्याला हात. नळदुर्गपासून उमरग्यापर्यंतचे ड्रायव्हर हा ठिपका बघितला की निर्धास्त गाडी हाणतात. मीही निर्धास्त झाले. थोडी लाजही वाटली, बापावर शंका घेतली म्हणून.

शनिवार, १५

गाडी दुसऱ्याच्या गॅरेजात घातली. घरचं गॅरेज असताना! चोरी केल्यासारखं तोंड करून उभी होते. भागवतदादा अप्पांच्याच हाताखाली शिकले, आता उमरग्यात त्यांचं स्वतःचं गॅरेज आहे. गाडी जॅकवर घेतली. डावं चाक वर-खाली धरून हलवलं. टक्! आडवे होऊन आत हात घातला. मी पान्हा पुढे केला, तो घेतलाच नाही.

"ताई, ह्यो बोल्ट बोटानं फिरालाय."

खालच्या आर्मचा. चाक ज्याच्या भरवशावर जागेवर राहतं तो. आणि त्यावर पिवळा ठिपका! छान, गोल.

भागवतदादा हात पुसत उठले. "अजून दोन-चार दिवस चालवली असती तर चाक आडवं झालं असतं, ताई." मग हळूच, "अप्पांचं काम न्हाय हे. दुसऱ्या कुनीतरी हात लावलाय."

दुसरं कुणीच नव्हतं. रविवारी मीच तिथं उभी होते, रंगाची डबी धरून. मध्येच अप्पांना फोन आला. बाहेर जाऊन बोलले, परत आले आणि डबीसाठी हात पुढे केला. मी दिली. मी दिली! पान्हा लागला की नाही ते बघितलंसुद्धा नाही.

दादांनी बोल्ट आवळला, बाकीचेही तपासले. येताना नव्वदपर्यंत नेली. स्टेअरिंग गप्प. घरी आले तर अप्पा मैथिलीला पेरू कापून देत होते. "झालं का बरं गाडीचं?" म्हणाले. झालं म्हटलं आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसले.

रविवार, १६

हसण्यावारी नेलेलं सगळं एकेक करून आठवतंय. दिवाळीत अप्पांनी दोनदा मला "मथुरे" म्हणून हाक मारली. आईला जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवून शेतावर गेले. एकाच जेवणात एकच गोष्ट दोनदा सांगतात. मी आपली म्हणत राहिले, वय झालं. हे नुसतं वय नाही. मला फार भीती वाटते. अप्पा एक दिवस माझ्याकडे बघतील आणि ओळखणार नाहीत, अशी भीती.

विरेश लातूरहून आला. बँकेतली नोकरी म्हणून नवरा तिकडे, मी आणि मैथिली इथं अप्पांकडे; जमेल त्या रविवारी येतो. त्याला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि एकच म्हणाला, "बाकीच्या गाड्यांचं काय?"

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! शिवलिंगभाऊंची शाळेची व्हॅन! दिवाळीच्या सुट्टीत तिचं पुढचं सगळं काम अप्पांनीच केलं. चौदा पोरं बसतात तिच्यात, रोज हायवेनं. पण शिवलिंगभाऊंना सांगायचं म्हणजे गावाला सांगायचं. मग अप्पांच्या गॅरेजात कोण येईल? आणि गॅरेज बंद झालं तर अप्पा दिवसभर करणार काय? भिंतीकडे बघत बसतील. विरेश म्हणतो, आधी अप्पांशी बोल. कसं बोलू? तुम्ही माझ्या पोरीला मारत होता, असं बोलू?

नाही. उद्या व्हॅन निघायच्या आत शिवलिंगभाऊंकडे जायचं. चौदा पोरं आहेत.

सोमवार, १७

सकाळी साडेसहाला गेले. "भाऊ, आज व्हॅन काढू नका," एवढंच कसंबसं बोलले. ते हसलेच. "बोल्टाचं म्हनता व्हय? अप्पा दोनदा येऊन आवळून गेले की! दिवाळीपासनं रोज पहाटं कुनाच्या ना कुनाच्या दारात आस्त्यात. 'माजं ध्यान ऱ्हाईना झालंय, केलेलं काम परत बगावं लागतंय, पन आमच्या अर्पिताला सांगू नको,' म्हनले."

वर म्हणाले, "तुमच्या गाडीची काळजीच नको, ताई. शनिवारी पहाटं आलते तवाबी म्हनले — आदी पोरीची गाडी बगून आलो, मग तुज्याकडं."

शनिवारीच तर तो बोल्ट भागवतदादांच्या बोटानं फिरला होता.