टार्गेट ऑडियन्स आणि कुंभारीच्या अकरा जणी

१ डिसेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मोठी झाल्यावर लिहितात की आधी, ते बघायला हवं.

सोलापूरजवळच्या कुंभारीहून दानेश्वरी मावशी आली होती. आईची धाकटी बहीण. अकरा बायकांचा बचत गट चालवते, कडक भाकरी करतात. शहरातला एक व्यापारी सगळा माल उचलतो आणि स्वतःच्या नावाचं लेबल लावून विकतो. मावशीला आता आपल्या नावानं विकायचंय. पुण्यातल्या सोलापूरकर बायकांच्या मंडळाला संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून भाकरीची तीनशे पाकिटं वाटायचीत. मंडळाच्या महेश्वरी मॅडम म्हणाल्या, वेबसाइटची लिंक पाठवा, पाच जानेवारीला कमिटीत ठरवू.
मावशी म्हणाली, "मल्लू, तू कॉम्प्युटरचंच करतोस की. चार पानं करून दे बाबा."
चार पानं! आधी टार्गेट ऑडियन्स, मग डिझाइन, हे तिला पाऊण तास समजावलं. "तू म्हणशील तसं," म्हणाली. फोटो काढायला दोन डझन भाकरी ठेवून गेली.
पस्तीस दिवस आहेत. भरपूर.

२ डिसेंबर
स. १०. रिसर्च सुरू.
स. ११.१५. रिसर्चला वही हवी. नव्या पेठेत गेलो.
दु. ४. वही मिळाली. स्पायरलची. आजचं काम झालं.

४ डिसेंबर
भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्व्हे टाकला. 'कडक भाकरी ऑनलाइन घ्याल का?' सत्तेचाळीस जण.

५ डिसेंबर
सेहेचाळीस जण म्हणाले, "घेऊ की!" एक काका फक्त नमस्काराचा हात पाठवून गप्प.
धनलक्ष्मी म्हणाली, अहो, त्या सगळ्यांच्या घरी भाकरी होते, ते कशाला विकत घेतील? तुम्हाला नाही कसं म्हणायचं, म्हणून व्हय म्हणाले. बायको आहे, पण डेटा समजत नाही.

९ डिसेंबर
भाकरी संपल्या. शेंगाचटणी आणि दही. फोटो काढले का, असं धनलक्ष्मीने विचारलं. प्रॉडक्ट आधी आतून समजून घ्यावं लागतं, म्हटलं.
मावशीने महेश्वरी मॅडमचा नंबर पाठवलाय. "त्यांना इचार की, काय बघायचंय ते." ऑर्डर देणाऱ्यालाच विचारायचं? रिसर्चमध्ये ह्याला बायस म्हणतात. नंबर सेव्ह केला. फोन केला नाही.

१४ डिसेंबर
मोठी झेप. कागदावर एक गिऱ्हाईक तयार केलं. नाव रोहन. वय २९, हिंजवडी, आयटी. गहू टाळतो. कुत्र्याचं नाव मोका. शनिवारी ट्रेकला जातो आणि पाठीवरच्या बॅगेत काहीतरी कुरकुरीत लागतं. त्याच्यावर सहा पानं लिहिली. इतकं मी लग्नाआधी धनलक्ष्मीबद्दलही विचारलं नव्हतं.

१९ डिसेंबर
रोहनची मैत्रीण तयार केली. तिला भाकरी आवडत नाही. हा प्रॉब्लेम आहे.

२३ डिसेंबर
मावशीचे तीन मिस कॉल. उचलले नाहीत. 'मीटिंगमध्ये आहे' असा मेसेज टाकला. मीटिंग रोहनशी होती, म्हणजे तसं खोटं नाही.
तरी दुपारी जेवण गेलं नाही. उद्या डिझाइन नक्की.

२४ डिसेंबर
डिझाइनच्या आधी रंग ठरवावा लागतो.

२९ डिसेंबर
मावशीने कुणाच्या तरी हाती आणखी एक डझन भाकरी पाठवल्या. चिठ्ठी होती, "आधीच्या मोडल्या असतील तर." एकही मोडली नव्हती. मला फार अपराधी वाटलं. सगळ्यांचे फोटो काढायचे ठरवलं. सात जणींचे काढले. म्हणजे भाकरींचे. बाकीच्या पाच राहिल्या नाहीत.

४ जानेवारी
एका दिवसात साइट उभी केली! प्रेशरखाली माझं खरं टॅलेंट बाहेर येतं. नाव 'क्रंचॉलॉजी', कारण रोहनला 'कुंभारी' उच्चारता येणार नाही. सगळी इंग्रजीत. भाकरीचे फोटो अंधारात आले होते, म्हणून नेटवरची एक मुलगी लावली. हसतेय. हातात काय आहे ते नीट दिसत नाही.
सं. ७. लिंक मावशीला. तिने पुण्याला पाठवली. धनलक्ष्मीने बघितली आणि विचारलं, ह्यात मावशी कुठंय? ब्रँड मावशीपेक्षा मोठा असतो, म्हटलं. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

६ जानेवारी
महेश्वरी मॅडमचा फोन. माझ्याच नंबरवर. फार सौम्य बाई. म्हणाल्या, साइट छान आहे, पण आमच्या कमिटीला वाटलं ही बंगळुरूची कंपनी दिसते. आम्हाला गावाकडच्या बायकांकडून घ्यायचं होतं. कोण करतंय ते दिसलं असतं तर वाण देताना सांगता आलं असतं. आता स्टीलच्या वाट्या ठरल्यात.
मी मावशीला कळवतो, म्हटलं.
दरवर्षी वाट्याच देतात. ह्या देशात नवीन काही चालत नाही.

७ जानेवारी
मावशीला कळवलं नाही. धनुर्मास चालू आहे, वाईट बातमी कशाला.

८ जानेवारी
कळवलं नाही. घसा बसलाय. मेसेजला घसा लागत नाही हे धनलक्ष्मीने लक्षात आणून दिलं.

१० जानेवारी
चमत्कार! साइटचे आकडे पाहिले. रोज अकरा व्हिजिटर. गेले पाच दिवस, रोज. सगळे सोलापूरचे आणि प्रत्येक जण पान शेवटपर्यंत खाली नेतो! भावकीवरचा माझा विश्वास सार्थ ठरला. ऑर्डर एकही नाही, पण आधी बघतात, मग घेतात.
आता मावशीला तोंड दाखवता येईल. वाट्यांची बातमी आकड्यांच्या मागून हळूच सांगायची.

१३ जानेवारी, भोगी
कुंभारीला गेलो.
अंगणात खोकी बांधलेली होती. व्यापाऱ्याचं लेबल. पायरीवर बायका बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात घरातला एकेक फोन होता. वर क्रंचॉलॉजी. सगळ्यांत म्हाताऱ्या शिवबाई बोटानं पान खाली सरकवत होत्या. मला म्हणाल्या, "ह्यात आमी कुटं हाव, बाळा? रोज बगतो. इंग्रजी कळत न्हाय, पर फोटू तर कळंल की."
ते अकरा व्हिजिटर.
मावशी त्यांना म्हणाली, "येतंय की. मल्लूचं काम चालू हाय अजून."
मावशीला मागच्या दारी नेलं आणि वाट्यांचं सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "मला ठावं हाय. सहा तारखेलाच मॅडमचा फोन आला हुता. ह्यास्नी न्हाय सांगितलं. तुला नावं ठेवतील." मग भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी वाढली. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती वरून लोण्याचा गोळा घालून गेली.
तिची चूक नव्हती, रोहनची नव्हती. माझी होती. इथे लिहून ठेवतो, कारण उद्या मी हे मानणार नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
काल फार भावनेच्या भरात लिहिलं. कमिटीचीही थोडी चूक आहेच.

१५ जानेवारी
स. ९. क्रंचॉलॉजी काढून टाकली. 'कुंभारीची कडक भाकरी', मराठीत. पहिल्या पानावर अकरा नावं, बाकी सगळं नंतर.
स. ९.१०. दानेश्वरी. शिवबाई.
स. ९.४०. पुढचं नाव माहीत नाही.
दीड महिना ह्यांच्या भाकरी खातोय. नऊ जणींची नावं मला माहीत नाहीत आणि मी कधी विचारलीही नाहीत.
स. ११. मावशीला फोन केला. नावं सांग म्हटलं. तिने विचारलं, "कुणाची, गिऱ्हाइकांची व्हय?"
तुमची, म्हटलं.
ती सांगायला लागली. जगदेवी. महादेवी, तिची जाऊ. उत्कर्षा, नवी सून. चौथी सोनाबाई. "तू माढ्याहून सोलापूरला शिकायला आलतास, तवा तुझा डबा रोज सकाळी एस्टीत नेऊन ठेवायची बग, तीच ही सोनाबाई. तीन वर्सं."
रेंज गेली, म्हटलं आणि फोन ठेवला.
रेंज पूर्ण होती. उरलेली पाच नावं उद्या नक्की.