हायाशीबाईंनी पाहिलेला चंद्र

कार्डिफ,
रविवार, १९ नोव्हेंबर १९८९

ती. आईस,

मंजिरीचा नमस्कार. आशीर्वाद मात्र पत्र शेवटपर्यंत वाचून, द्यावासा वाटला तरच दे.

मी मजेत आहे. अभ्यास बरा चाललाय. हायाशी मंडळींकडे राहायला येऊन आता दोन महिने झाले. यजमान इथल्या एका जपानी कारखान्यात इंजिनीअर आहेत. हायाशीबाईंना इंग्रजी बोलायला घरात कोणीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं. रोज भाताबरोबर समुद्रातलं काहीतरी वाढतात. समुद्री शेवाळाचा तो काळा कागद आता मी मागून घेते. कढी भुरकली की तू डोळे वटारायचीस ना? इथे नूडल्स भुरकल्याबद्दल माझं कौतुक होतं!

तू लिहिलं होतंस, गुरुवारी संकष्टी आहे, पण तिथल्या थंडीत उपासबिपास करू नकोस. केला. म्हणजे, केला असं सांगितलं.

त्याचं झालं असं. गुरुवारी हायाशीसाहेबांचा वाढदिवस होता. त्यासाठी ते आदल्या दिवशी खास लंडनहून मासे घेऊन आले. कच्चे खायचे! सकाळी बाईंनी मला ते गुलाबी काप कौतुकाने दाखवले आणि मी दोन पावलं मागे सरकले. अलिबागची मी, माशाशिवाय घास उतरत नाही म्हणून मिरवणारी. ‘मला कच्चं जमणार नाही हो’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्यांचा चेहरा पाहून धीर झाला नाही. तुझी संकष्टी आठवली. म्हटलं, आज माझा उपास आहे, चंद्र दिसेपर्यंत काही खायचं नाही, आणि मासे तर दिवसभर नाहीच.

“फास्ट? व्हाय?” त्यांनी विचारलं.

मी काहीतरी उत्तर दिलं. ते पुढे सांगते.

दुपारी कॉलेजजवळच्या चिप्सच्या दुकानात उभ्या उभ्या तळलेला मासा आणि चिप्स खाल्ले. व्हिनेगर मारून, पोटभर. संध्याकाळी घरी आले तर टेबलावर पानं मांडलेली आणि दोघंही जेवायचे थांबलेले. वाढदिवस ज्यांचा, तेसुद्धा! घरातलं एक माणूस उपाशी असताना आपण कसं जेवायचं, असं बाईंचं म्हणणं. त्यांनी माझा कोट हातात घेतला. त्याला येणारा व्हिनेगरचा वास मलासुद्धा येत होता. त्यांना आला की नाही, देव जाणे. त्यांनी तो नीट खुंटीला अडकवला आणि छत्री घेऊन मागच्या अंगणात गेल्या.

आई, इथे दिवसा सूर्य दिसायची मारामार. तरी ती बाई भुरभुर पावसात ढगांकडे बघत उभी राहिली. मी दोनदा आत बोलावलं, आली नाही. आणि मग ओरडलीच, “मंजिरी-सान, मून! कम, कम!” ढगांच्या फटीत खरंच चंद्र होता. मी हात जोडले. माझ्याबरोबर त्यांनीही जोडले.

माझ्यासाठी मासा न घालता भाजीभात केला होता. शिवाय तांदळाच्या पिठाचे, आत गोड सारण भरलेले गोळे. चव आपल्या मोदकाच्या जवळ जाणारी. घास गिळताना मला रडू आलं. त्यांना वाटलं, तुझी आठवण आली.

आता ते उत्तर. उपास कशासाठी, तर मी म्हटलं, माझी आई खूप आजारी आहे, तिच्यासाठी.

मासा टाळायला मी तुला अंथरुणावर झोपवलं. शी! तेव्हापासून हायाशीबाई सकाळ-संध्याकाळ तुझी चौकशी करतात. आपल्या सासूबाईंच्या फोटोपुढे तुझ्या नावाने उदबत्ती लावतात. आणि आज त्यांनी आपल्या ताईतासारखी एक छोटी लाल कापडी पिशवी माझ्या हातात ठेवली. देश सोडताना त्यांच्या आईने देवळातून आणून दिलेली, इतकी वर्षं जवळ बाळगलेली. म्हणाल्या, “युअर मदर नीड्स इट मोअर.” तुझ्या पत्रातून पाठव म्हणतात.

ती पिशवी मी पाठवत नाही. आज जेवायला बसण्याआधी त्यांच्या हातात परत देणार आहे आणि सांगणार आहे की माझी आई ठणठणीत आहे, आजारी कधीच नव्हती. त्यांनी घराबाहेर काढलं तरी चालेल. त्याआधी हे पत्र पेटीत टाकून येते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

तब्येतीची काळजी घे, असं दर पत्रात सवयीने लिहिते. आज हात जोडून लिहितेय. तब्येतीची काळजी घे.

तुझी,
मंजिरी