सहावे कलम

२ मार्च २०२३, अकोला

डोळे मिचकावण्यास सांगितले आहे!

सकाळी सत्यवतीच्या मोबाईलवर इंटरनेटवरील विक्री-कंपनीचा संदेश आला. 'वार्षिक पडताळणी. विक्रेत्याने मोबाईल चेहऱ्यासमोर धरावा आणि दोनदा डोळे मिचकवावेत. मुदत एकवीस दिवस. अन्यथा आपले पान बंद होईल.'

विक्रेता माझी पत्नी सत्यवती आहे. तिला जाऊन आज एकशे सव्वीस दिवस झाले.

तिच्या मागे मी ते पान तिच्याच नावाने चालू ठेवले. कारण विचारल्यास सहा बायकांचे काम, असे मी सांगतो. ते खरे आहे. आमच्या गच्चीवर त्या कणीक काडीवर गुंडाळून सरगुंडे वळतात, वाळवतात, पुण्या-मुंबईकडच्या वऱ्हाडी घरांत पाठवितात. पाच वर्षांपासून सगळी विक्री त्या एका पानावर आहे.

पण दुसरे कारण या वहीखेरीज कोठे लिहिता येणार नाही. ग्राहकांच्या प्रश्नांना ती टंकून उत्तर देत नसे, बोलून देई. तशी तीनशे चाळीस उत्तरे त्या पानावर आहेत. रोज सकाळी दहा वाजता मी एक ऐकतो. एकच. आज ऐकले ते —

"बाई, पान्याले खदखदा उकयी येऊ द्या, मंगच सरगुंडे टाका. आन घाई करू नका, आंब्याचा रस कुठी पयून नाही जात!"

'पान्याले' नव्हे, 'पाण्याला', असे मी त्या वेळी तिला म्हणालो होतो.

४ मार्च

बायकांना संदेश वाचून दाखविला. दुर्गाबाई — सर्वांत जुन्या, बार्शीटाकळीहून सकाळच्या बसने येतात — हात पुसत म्हणाल्या, "त्यात काय जी! माह्या तोंडासमोर धरा तो मोबाईल. मी मिचकावतो डोये."

मी म्हणालो, आधारवर छायाचित्र सत्यवतीचे आहे.

त्यांच्यातलीच रुबीना हसली. "सर, आधार का फोटो? उसमें तो मेरी अम्मी ने मुझे नहीं पहचाना!"

सगळ्या हसल्या. मीही हसलो असावा. नंतर स्पष्ट सांगितले — खोटे निवेदन माझ्याकडून होणार नाही.

"आमी कुठी तुमाले बोलाले सांगून राहिलो? डोयेच मिचकवाचे हायेत!" — दुर्गाबाई.

७ मार्च

धूळवड. दार उघडले नाही.

१८ मार्च

गारपीट. दुर्गाबाईंच्या शेतातील हरभरा झोपला. त्या तरीही आल्या. "शेतात काय पाहू आता? इथं निदान वाळलेलं तरी दिसते." अक्षय तृतीयेसाठी एकशे बारा घरांनी मागणी नोंदविली आहे. या सणाला आमच्याकडे पितरांची घागर भरतात, पुढे रस आणि सरगुंडे वाढतात. वर्षातील मुख्य हंगाम हाच.

या वर्षी घागर सत्यवतीची. पहिली.

१९ मार्च

अर्ज पाठविला. 'उपरोक्त विक्रेती माझी पत्नी असून तिचे दिनांक २७ ऑक्टोबर रोजी निधन झाले आहे. सबब सदर पान माझ्या नावे करून मिळावे, ही विनंती.' सोबत मृत्यूचा दाखला, विवाहाचा दाखला.

तीस वर्षे महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. सभासद वारल्याचे कळले की त्याच्या पत्रकावर 'खाते बंद' हा शिक्का मी स्वतः मारीत असे. नातेवाईक समोर उभे असत. पण तेथे वारसाचे नवे खाते निघत असे! सचोटीने विचारल्यास वाट निघते, अशी माझी समजूत आहे.

२० मार्च

सहा मिनिटांत उत्तर आले होते. मी ते आज पाहिले.

'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. विक्रेत्याचे खाते हस्तांतरणीय नाही. नियमानुसार खाते व त्यावरील सर्व मजकूर काढून टाकण्यात आला आहे.' खाली पाच चांदण्या. 'आमच्या सेवेस आपण किती गुण द्याल?'

दहा वाजता पान उघडले. 'हे पान उपलब्ध नाही.'

सर्व मजकूर. तीनशे चाळीस उत्तरे. एकही मी उतरवून घेतले नव्हते. तेथे आहेत म्हणजे सुरक्षित आहेत, असे मानले!

मी मारला शिक्का. मीच.

२१ मार्च

बायकांना सांगितले. मग दुर्गाबाई — "सर, खरं बोलाची एवढी काय घाई होती? अजून दोन दिवस होते नं."

रुबीना म्हणाली, "सर, आपने तो खुद जाके..."

एकशे बारा घरांना कळवावे, तर एकाचाही पत्ता आपल्याकडे नाही. पुडक्यावर नुसत्या काळ्या रेघांची चिकटपट्टी असे. नाव, गाव, फोन, सारे कंपनीपाशी. पाच वर्षे माल आपला, हात आपले, माणसे मात्र त्यांची!

एकदा सत्यवतीने विचारले होते, पुडक्यात आपल्या फोनची चिठ्ठी टाकू का? मी नियमावलीचे सहावे कलम मोठ्याने वाचून दाखविले. 'विक्रेत्याने ग्राहकाशी परस्पर संपर्क साधू नये.' ती "बरं" म्हणाली.

२८ मार्च

अमरावतीस जाऊन आलो. पाच वर्षांपूर्वी कंपनीचा जो प्रतिनिधी आमच्या घरी येऊन पान उघडून देऊन गेला, त्या धर्मेंद्रला शोधले. राजकमल चौकाजवळ मोबाईलची कव्हरे विकतो.

"सर, मलेच त्याईनं जानेवारीत काढलं. मेसेज आला — धन्यवाद!"

मी म्हणालो, वरच्या कोणाचा तरी दूरध्वनी क्रमांक द्या.

"वर कोनी असन तं देईन नं! पाच वर्षं काम केलं, मानूस नाही पाहिला." चहा पाजला. निघताना म्हणाला, "काकूनं मले ताटभर सरगुंडे खाऊ घातले होते. 'पान तुमचंच राहीन' म्हनलो, ते तुमच्या घरी खोटं नव्हतो बोललो जी मी. तवा मले बी खरंच वाटत होतं."

३ एप्रिल

आज कोणीही आले नाही. चार दिवस झाले. गच्चीवर खाटा उलट्या पडल्या आहेत. त्यांना काय म्हणून बोलवावे? मीच त्यांचे काम घालविले.

९ एप्रिल

तिचे बोलणे आठवून लिहू लागलो. शब्द आठवतात. ध्वनी माझाच ऐकू येतो — आणि शुद्ध! 'पाण्याला' ऐकू येते.

१४ एप्रिल

काही नाही.

२१ एप्रिल

दुर्गाबाई आल्या. उद्याच्या घागरीसाठी सरगुंड्यांचे पुडके आणले. बांधलेले, नवे. मी विचारले, हे कोणासाठी करता आहात? त्या उंबऱ्यातच थांबल्या. मी पुडके उघडले. आत छापील चिठ्ठी.

'उद्या मोबाईलवर आमी दिसलो नाही तर या नंबरावर आवाज द्या. — सत्यवती.'

नंबर दुर्गाबाईंचा.

"सगया जनी माह्या घरी करून राहिलो. पान बंद झालं आन फोनच फोन! शंभराच्या वर घरं झाली." मग हळू — "बाई लय दिवसांपासून टाके चिठ्ठी. झेरॉक्स रुबीना आने. आमीच नंतर टाकत राहिलो."

माझ्याच गच्चीवर. मी खाली वृत्तपत्र वाचीत असताना.

तिचा नंबर का नाही, मी विचारले.

"'माह्या नंबरावर फोन आले तर आमच्या यायले कळन,' म्हने. कंपनीचं भेव नव्हतं तिले, सर."

२२ एप्रिल, अक्षय तृतीया

घागर भरली.

दुर्गाबाईंनी चिठ्ठीचा मूळ कागद आणून दिला. अक्षर तिचे. कोपऱ्यात तारीख घातलेली — प्रत्येक कागदावर तारीख असावी, हे मीच तिला शिकविले. १२ जून २०१९.

कपाटातून त्या वर्षाची रोजनिशी काढली. ११ जून. एकच ओळ आहे.

'सत्यवतीस सहावे कलम समजावून सांगितले. तिला पटले.'