मृदुलाचा परकर

प्रिय मृदुला,

पाकिटावर तुझं घरचं, मुलाचं नाव लिहिलंय, त्याबद्दल आधी माफी मागते. 'मृदुला' लिहिलं असतं तर पोस्टमनने ते तुझ्या वडिलांच्या हातात दिलं असतं आणि पुढे काय झालं असतं ते तुला ठाऊक आहे. तुझा फोन हल्ली भावाकडे असतो असं कळलं, म्हणून पत्र.

त्रिशूरला सगळं तसंच आहे. तुझ्या खाटेवर आता माझे कपडे पडलेले असतात, घडी न घातलेले. तुला बघवले नसते. आपल्या थोरल्या ताईचे, कमलम चेचीचे, गुडघे धरलेत, तरी दर रविवारी ओसरीवर तिची शिकवणी चालूच. नव्या आलेल्या पोरींना समोर बसवते आणि कुणाचा तरी चष्मा नाकावर चढवून स्वतः डॉक्टर बनते. "डॉक्टरला लहानपण लागतं, पोरींनो! आईची साडी, बहिणीचं काजळ, काहीतरी हवंच. त्याशिवाय हार्मोनचं पत्र मिळायचं नाही!" माझा नंबर लागला होता तो दिवस आठवतो? "काजळ लावायचीस?" नाही. "बाहुल्या?" नाही. "अगं मग केलंस तरी काय लहानपणी?" मी म्हटलं, फुटबॉल. तू इतकी हसलीस की ताटातल्या उकडलेल्या कप्पा-कंदाच्या फोडी अंगावर सांडून घेतल्यास. मीही हसले, पण वरवर. सव्वीस वर्षांची होईपर्यंत मी मिशा ठेवून मजेत फिरत होते. मला जे कळलं ते उशिरा, आणि उशिरा कळलेलं कुणी खरं मानेल की नाही, याची मला फार धास्ती होती.

त्याच दिवशी तू परकराची गोष्ट सांगितलीस. ओणमला तुझ्या बहिणीसाठी परकर शिवायचा होता. सिंधूला नेमकं गालगुंड झालेलं. तुम्हा दोघींची उंची सारखी, म्हणून आईने मापाला तुला नेलं. तोंडात टाचण्या धरलेले शिंपी वर्गीस मास्तर वर न बघताच म्हणाले, "पोरी, हात वर कर." आई काही बोलली नाही आणि तू हात वर केलेस. नऊ वर्षांची होतीस. मापं घेऊन झाली तरी तू हात खाली घेईनास. सांगताना तू रडली नाहीस, आम्ही बाकीच्या रडलो.

हार्मोनचं पत्र देणाऱ्या सूसन डॉक्टरांची माझी तारीख तुझ्या तीन आठवडे आधीची होती. त्यांनी पाणी दिलं, पंखा कमी केला, म्हणाल्या, "तुझ्याबद्दल सांग. कुठूनही सुरू कर." मृदुला, त्या बाईंनी माझं लहानपण मागितलंसुद्धा नव्हतं. आणि माझ्या तोंडून वर्गीस मास्तर बाहेर पडले. टाचण्या, गालगुंड, वर केलेले हात, सगळं. मला बहीण नाही, तरी सिंधू माझी बहीण झाली. त्या लिहून घेत होत्या आणि मला थांबता येईना.

म्हणून तुझ्या वेळी तसं झालं. तू घरी येऊन चपला भिरकावल्यास. "लेखा, त्या विचारतात, ही गोष्ट तुला कुणी शिकवली? पाठ केलेलं नको, म्हणे! माझंच लहानपण मी कशाला पाठ करू?" त्यांनी तुला पुन्हा बोलावलं होतं, तू गेली नाहीस. मी तेव्हा तारल्या तळत होते. पाठ न वळवताच म्हणाले, "असतात काही डॉक्टर तशा." एवढंच बोलले मी. आठवड्याभरात तू बॅग भरून कुट्टनाडला घरी परत निघालीस आणि मी तुला स्टँडवर सोडायला आले. वर वाटेत खायला केळ्याची भजीही दिली. जराही लाज वाटली नाही मला.

मला पत्र मिळालं. ते घेऊन हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "बहिणीला कधी पायात रक्ताची गाठ वगैरे? घरात कुणाला असेल तर हे औषध जपून द्यावं लागतं." मी सिंधूच्या तब्येतीचा विचार करू लागले. खोटं वाटेल, पण मी खरंच आठवू लागले, तिला गालगुंडाशिवाय आणखी काय झालं होतं ते. मग दरदरून घाम फुटला. मला बहीणच नाही, असं म्हटलं आणि पत्र उचलून तशीच सूसन डॉक्टरांकडे गेले.

सगळं सांगितलं. त्यांनी माझी फाईल काढून पुन्हा वाचली. मग पत्र परत घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "मी तिलाच नीट विचारायला हवं होतं. चूक माझीही आहे." नंतर माझं विचारलं. मी फुटबॉल सांगितला, मिशा सांगितल्या. मामेभावाच्या लग्नात सगळ्या पोरांना नवरदेवाचा हेवा वाटत होता आणि मला नवरीचा वाटला, ते सांगितलं. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं? फुटबॉल खेळलेल्या माझ्याकडे पुष्कळ येतात," त्या म्हणाल्या. आता माझ्या बैठका पहिल्यापासून सुरू झाल्यात. हार्मोन कधी, ते माहीत नाही. रडले मी त्यासाठी. पण ते तुझ्यापुढे बोलायचा मला हक्क नाही.

कमलम चेची सांगत होती, ओणमच्या चिंगम महिन्यात तुझं लग्न उरकायचं घाटतंय, मुलगीही बघून झाली. म्हणजे दिवस थोडे उरलेत, आणि म्हणूनच हे पत्र. गुरुवारी, सत्तावीस तारखेला, सकाळी अकराची वेळ सूसन डॉक्टरांनी तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. तुला काही सिद्ध करायचं नाही. जे तुझं होतं ते त्यांनी माझ्यासमोर माझ्या फायलीतून खोडलं. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, मी त्याच लायकीची आहे. फक्त माझ्या पापापायी तिकडे बोहल्यावर उभी राहू नकोस. त्या दिवशी मी दवाखान्याच्या आसपाससुद्धा फिरकणार नाही. माझं तोंड बघावं लागेल म्हणून तुझं येणं राहायला नको. खोलीची किल्ली चेचीकडे ठेवते आणि दोन दिवस दुसरीकडे राहते. तू ये, मृदुला.

म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझीच,
लेखा