माझं पहिलं पिस्तूल

२ मार्च २०१४, रविवार
शेजारच्या मोहनरावांच्या गॅरेजमधून भरदुपारी सायकल चोरीला गेली. न्यूझीलंडमधल्या टौरंगात म्हणजे अतिच झालं. ऋचा फार्मसीतून उशिरा येते, स्वानंदी आठ वर्षांची. घरात पुरुष मी एकटा. पिस्तूल घ्यायचं. ठरलं. ऋचाला सांगितलं. म्हणाली, आधी जेवून घे. पाठिंबा आहे.

४ मार्च
ऑफिसात दिवसभर रिसर्च. रिव्हॉल्वर अडकत नाही म्हणे. पण सेमी-ऑटोमॅटिक माझ्या पर्सनॅलिटीला शोभेल. बॉस मागे उभं राहून विचारत होता, सर्व्हर का बंद आहे. लोकांना प्रायॉरिटी कळत नाही.

८ मार्च, शनिवार
बंदुकांच्या दुकानात गेलो. स्वसंरक्षणासाठी पहिलं पिस्तूल हवंय म्हटलं. दुकानदाराने हातातला चहा खाली ठेवला. म्हणाला, मेट, या देशात त्या कारणासाठी मिळत नाही. आधी क्लब, मग पोलीस, घरी भक्कम तिजोरी, आणि मिळालं तरी फक्त क्लबात उडवायचं. मी सूचक हसलो. गिऱ्हाईक किती पक्कं आहे ते बघतात.

१६ मार्च, रविवार
क्लब. मार्गारेट नावाच्या आजी शिकवतात. मी सगळ्यात जड पिस्तूल मागितलं, त्यांनी सगळ्यात हलकं दिलं. माझं टार्गेट कोरं राहिलं. शेजारच्या माणसाच्या टार्गेटवर मात्र भोकं जास्त निघाली. आजी म्हणाल्या, डोळे मिटू नकोस. मी अंतःप्रेरणेने नेम धरतो, हे त्यांना इंग्रजीत समजावता आलं नाही.

९ जुलै, बुधवार
लायसन्सच्या चौकशीला पोलिसांकडून बाई आल्या. 'खेळाची आवड' हे उत्तर पाठ होतं. पण बाईंनी कारण विचारलं आणि छाती आपोआप पुढे आली. कुटुंबाच्या रक्षणासाठी, म्हणालो. त्यांनी लिहिणं थांबवलं. मग ऋचाशी किचनमध्ये वेगळं बोलल्या. आतून दोनदा हसण्याचा आवाज. चांगलं लक्षण. रात्री ऋचाला विचारलं, काय झालं. म्हणाली, तू चिडतोस का, असं विचारलं त्यांनी. मी सांगितलं, चिडतो, प्रिंटरवर.

२ ऑगस्ट, शनिवार
अर्ज नामंजूर. सिस्टिमला माझी भीती वाटते. स्वानंदी म्हणाली, "Baba, that's sweet as." इथल्या पोरांच्या भाषेत म्हणजे झकास. सांत्वन करत असावी.

५ ऑगस्ट, मंगळवार
बरं नव्हतं म्हणून घरी. दुपारी आमच्या गॅरेजमध्ये खडखडाट. कोणीतरी लोखंड ठोकत होतं. मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. रणनीती. ऋचाला फोन केला. रिंग गॅरेजमधून ऐकू आली.
हाफ डे टाकून आली होती. दाराला नवं कुलूप बसवत होती. तू झोपला असशील म्हणून उठवलं नाही, म्हणाली.
ड्रिल मी चालवतो, म्हटलं. तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि टॉर्च दिला.
टॉर्च धरला. हलवू नकोस, म्हणाली.